सामाईक जोडणी : प्रस्तावना

छापखान्याच्या ज्या मागच्या खोलीत एके काळी खिळ्यांच्या केसी मांडलेल्या असत, त्या खोलीत आता एक संगणक आहे आणि त्या संगणकाच्या पोटात दुसरा एक संगणक आहे. हा दुसरा संगणक मालकांनी हौसेखातर ठेवलेला नाही. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणीसाठी जे फाँट छापखाने वापरीत, त्या फाँटांत जुळवलेली वीस-बावीस वर्षांची पुस्तके, पंचांगे आणि स्मरणिका त्यांच्या दप्तरी आहेत. ती पाने विंडोज एक्सपीवरील जुन्या पानजुळणीच्या प्रोग्राममध्येच जोडाक्षरे न मोडता उघडतात, आणि एक्सपीचा मूळ संगणक तर केव्हाच मोडीत निघाला. म्हणून नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्याच्या आत एक्सपीचे बिऱ्हाड थाटून दिलेले आहे. दिवाळी अंकांच्या धामधुमीत एका संध्याकाळी मालकांच्या चिरंजीवांनी मला बोलावून घेतले आणि दारातच सांगितले, "काका, नेट बाहेर आहे, आत येत नाही."

त्या तरुणाने दोन दिवस उसंत घेतली नव्हती. व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा बसवला होता, तोही तीन वेळा. जोडणीचा प्रकार नॅटवरून ब्रिजवर नेला आणि ब्रिजवरून परत नॅटवर आणला होता. राउटर बंद करून चालू केला होता. फायरवॉल बंद केली आणि धास्ती वाटून पुन्हा सुरू केली होती. एवढ्या खटपटीत आतल्या संगणकाला मात्र कोणी काही विचारले नव्हते. मी एक्सपीच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग हा हुकूम टाइप करायला सांगितला. पडद्यावर पत्ता उमटला १९२.१६८.१.५०, आणि त्याच्याखाली गेटवे १९२.१६८.१.१. तो आकडा वाचताच मालकच म्हणाले, "अहो, हा तर आपल्या जुन्या जागेतला राउटर!" छापखाना दोन वर्षांपूर्वी जागा बदलून आला होता. जुन्या जागेत कोणीतरी या आतल्या संगणकाला हा पत्ता हाताने लिहून दिला होता. पुढे दोन वर्षे आतून इंटरनेटची गरजच पडली नाही, आणि बिऱ्हाड हलले तरी पाटी तीच राहिली. व्हर्च्युअलबॉक्स कितीही वेळा काढून बसवला असता तरी ही नोंद पुसली जाणे शक्य नव्हते, कारण ती व्हर्च्युअलबॉक्समध्ये नव्हतीच. ती आतल्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर, त्याच्या स्वतःच्या विंडोजमध्ये होती. पत्ता आपोआप घेण्याची खूण केली, काही क्षणांत १०.०.२.१५ हा नवा पत्ता आला, आणि त्याच रात्री पाने रवाना झाली.

प्रस्तुत पुस्तिकेचा सगळा विषय त्या तरुणाच्या एका वाक्यात सामावलेला आहे. बाहेरच्या संगणकाला जी जोडणी मिळालेली आहे ती आतल्या संगणकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, त्या वाटेवर कोणकोणते नाके आहेत, आणि ती मध्येच अडली म्हणजे कोणत्या नाक्यावर अडली हे कसे शोधून काढावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे. इंग्रजीत बाहेरच्या संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात, आणि कचेऱ्यांतून आणि कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून आपली मंडळीही तेच शब्द वापरतात. मी यजमान आणि पाहुणा हे शब्द पत्करले आहेत, ते केवळ मराठीच्या अभिमानापोटी नव्हे, तर या दोन शब्दांत जो संबंध आपोआप व्यक्त होतो तो या विषयाचा गाभा आहे म्हणून. पाहुण्याचे अन्नपाणी, निवारा आणि बाहेर पडण्याची वाट ही सर्व यजमानाच्या हाती असतात. मात्र एक विशेष येथे ध्यानात ठेवावा लागतो, तो असा की हा पाहुणा स्वतःला पाहुणा समजत नाही. आपण स्वतंत्र गृहस्थ आहोत, आपले घर आपले आहे, आपल्या भिंतीत खरीखुरी तार येऊन पोहोचलेली आहे, अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते. आणि त्याच्या तोंडून निघणारी प्रत्येक तक्रार या समजुतीच्या भाषेत असते, हे विसरले तर तपास पहिल्याच पावलाला चुकतो.

ही समजूत हा अपघात नाही. ती हेतुपुरस्सर निर्माण केलेली आहे. एका यंत्राच्या अंगात अनेक यंत्रे नांदवण्याची कल्पना आयबीएमच्या मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील संशोधनकेंद्रात १९६०च्या दशकात आकाराला आली. तेथे सीपी-४० ही प्रणाली झाली, मग सिस्टिम ३६०च्या ६७ क्रमांकाच्या यंत्रासाठी तिची पुढची आवृत्ती निघाली, आणि १९७२ साली आयबीएमने व्हीएम ३७० जाहीर केली. टर्मिनलसमोर बसलेल्या प्रत्येक माणसाला संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याच्या स्वाधीन आहे असे भासावे, ही त्या व्यवस्थेमागची दृष्टी होती. १९७४ साली पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी या कल्पनेला शास्त्रीय चौकट दिली. वेळेचा आणि साधनसामग्रीच्या उपलब्धतेचा फरक सोडला तर आतल्या प्रोग्रामला आपण खऱ्या यंत्रावर नाही हे कळण्याचे कारण उरू नये, असा त्यातील एका अटीचा आशय आहे. घरातल्या टेबलावरच्या संगणकावर ही सोय १९९९ साली व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणली आणि व्हर्च्युअलबॉक्स २००७ साली आला. भास पुरा करायचा म्हणजे नेटवर्क कार्डाचाही करावा लागतो. म्हणून व्हर्च्युअलबॉक्स आपल्या पाहुण्यापुढे एएमडीचे पीसीनेट किंवा इंटेलचे प्रो १००० या खऱ्या कार्डांचे सोंग उभे करतो. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने पीसीनेट कार्डाचा ड्रायव्हर देणे बंद केले. त्यामुळे चुकीचे सोंग निवडले गेले तर पाहुणा सरळ सांगतो की माझ्याजवळ नेटवर्क कार्डच नाही, आणि माणूस राउटर तपासत बसतो.

कार्ड ओळखले गेले म्हणजे प्रश्न पत्त्याचा येतो, आणि पत्त्याच्या प्रश्नामागे एका दारिद्र्याची कथा आहे. १९८१ साली आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे जे विनिर्देश प्रसिद्ध झाले त्यात पत्त्यासाठी ३२ बिट राखलेले होते. त्यांतून एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते निघतात. त्या काळी ही संख्या अक्षय्य वाटावी अशी होती. पण जगातल्या प्रत्येक टेबलावर, आणि पुढे प्रत्येक खिशात, एकेक संगणक येणार असेल तर ती कधीच पुरणार नव्हती. त्यावर १९९४ साली एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी नॅटची, म्हणजे पत्ते बदलून देण्याची तजवीज मांडली, आणि १९९६ साली १०.०.०.०, १७२.१६.०.० आणि १९२.१६८.०.० यांपासून सुरू होणारे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवण्याचा नियम पक्का झाला. या पट्ट्यांतला पत्ता घराघरांत, कचेरीकचेरीत पुन्हा पुन्हा वापरावा, मात्र वेशीबाहेर त्याला किंमत नाही, असा तो करार आहे.

नॅटचे कार्य समजावून सांगण्यासाठी मला आपल्या सरकारी कचेऱ्यांतल्या आवक-जावक बारनिशीइतके चपखल उदाहरण दुसरे सापडलेले नाही. मामलेदार कचेरीतला कोणताही कारकून परगावी पत्र धाडतो तेव्हा ते स्वतःच्या मेजाच्या पत्त्यावरून धाडीत नाही. ते बारनिशीत जाते, तेथे त्याला जावक क्रमांक मिळतो, वहीत त्या क्रमांकासमोर कोणत्या मेजाचे पत्र, कोणाला, हे नोंदले जाते, आणि पत्र कचेरीच्या शिक्क्याने बाहेर पडते. उत्तर येते ते कचेरीच्याच नावाने, पण त्याच्या माथ्यावर संदर्भ म्हणून तोच जावक क्रमांक असतो; बारनिशीचा कारकून वही उघडतो, क्रमांक पाहतो आणि उत्तर नेमक्या मेजावर नेऊन ठेवतो. नॅट अक्षरशः हेच करते. पाहुण्याच्या पॅकेटावरचा १०.०.२.१५ हा पत्ता खोडून तेथे यजमानाचा पत्ता लिहिला जातो, पोर्ट क्रमांक हा त्याचा जावक क्रमांक ठरतो, आणि उत्तर परतले म्हणजे वही पाहून ते आत दिले जाते. आता ज्या पत्राला संदर्भ क्रमांकच नाही, जे कोणी मागवलेले नाही, असे पत्र बाहेरून आले तर बारनिशीच्या कारकुनाने ते कोणाच्या मेजावर ठेवावे? त्याच्याजवळ उत्तर नसते, आणि म्हणून नॅटच्या मागे बसलेला पाहुणा स्वतः जगाकडे जाऊ शकतो, पण जग आपणहून त्याच्याकडे येऊ शकत नाही. पाहुण्यावर वेबसर्व्हर चालवून तो यजमानाच्या ब्राउझरमध्ये दिसत नाही म्हणून कितीतरी विद्यार्थी हवालदिल होतात. त्यांची जोडणी मुळीच बिघडलेली नसते, फक्त बारनिशीला कायमचा हुकूम दिलेला नसतो. यजमानाच्या ८०८० क्रमांकावर जे टपाल येईल ते पाहुण्याच्या ८० क्रमांकावर द्यावे, असा एक हुकूम नोंदवला की वाट मोकळी होते. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

या दृष्टांताचा आणखी एक उपयोग आहे. घरच्या पाहुण्याचे पत्र प्रथम व्हर्च्युअलबॉक्सच्या बारनिशीतून जाते, मग घरच्या राउटरच्या बारनिशीतून, आणि पुष्कळ ठिकाणी त्यापुढे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्याही बारनिशीतून, ज्यासाठी २०१२ साली १००.६४.०.० पासूनचा एक वेगळा पट्टा मुक्रर करण्यात आला. तीन वह्या, तीन जावक क्रमांक. बाहेरून घरात शिरण्याची वाट जेव्हा सापडत नाही तेव्हा यांपैकी कोणत्या वहीत हुकूम नोंदवायचा राहिला, हा प्रश्न विचारावा लागतो. आणि तिसरी वही आपल्या हातातली नाही हेही जाणून असावे लागते.

नॅट ही एक मांडणी झाली. दुसरी ब्रिजची, जीत यजमान बाजूला सरतो आणि पाहुणा सरळ राउटरच्या पंक्तीला जाऊन बसतो, त्याच्याकडूनच स्वतंत्र पत्ता मागून घेतो. तिसरी फक्त यजमान आणि पाहुणा यांच्यातली, जीत बाहेरचे जग नाहीच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तेथे यजमानाचा पत्ता १९२.१६८.५६.१ असा असतो. या तिसऱ्या मांडणीत इंटरनेट न येणे हा दोष नसून तिचा धर्म आहे, एवढे सांगून मी पुढे जातो.

ब्रिजविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण घरी तार नसून वाय-फाय असते आणि तेथे ब्रिजची गाठ एका मूलभूत अडचणीशी पडते. वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट एकेका कार्डाची ओळख पटवून त्याला आत घेतो; ती ओळख म्हणजे त्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता. यजमानाच्या कार्डाने ओळख पटवलेली असते. त्याच कार्डातून ०८:००:२७ अशी सुरुवात असलेला, व्हर्च्युअलबॉक्सने बहाल केलेला भलताच पत्ता घेऊन पाहुण्याचे पॅकेट निघाले तर ॲक्सेस पॉइंट ते स्वीकारीत नाही. व्हर्च्युअलबॉक्स यावर उपाय म्हणून पॅकेटावरचा हार्डवेअर पत्ता वाटेतच बदलून देतो, आणि पुष्कळदा ते निभावते; पण नेहमीच निभावते असे नाही. वसतिगृहांत आणि मोठ्या कचेऱ्यांत तर तारेवरही एका खोबणीतून एकाच ओळखीला मुभा असते, दुसरी ओळख दिसताच खोबणी बंद होते. अशा जागी ब्रिजचा हट्ट धरण्यात अर्थ नाही; नॅट घ्यावे. माझे स्वतःचे मत असे की पाहुण्याने बाहेरच्या जगाला सेवा पुरवायची नसेल तर घरीसुद्धा नॅटच उत्तम.

पुस्तिकेच्या नावात सामाईक हा शब्द मी जाणूनबुजून घातला आहे. विंडोजमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंग ही सोय १९९९ साली विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले होते. मोडेम एक, टेलिफोन एक आणि त्यावर विसंबणारे संगणक दोन-तीन, असा तो काळ होता, आणि एका संगणकाने स्वतः राउटरचे काम पत्करून इतरांना पाणी द्यावे ही कल्पना त्या काळाची गरज होती. मोडेम गेला तरी सोय राहिली, आणि आता तीच पाहुण्या संगणकांच्या कामी येते. २०१७ सालापासून विंडोजच्या हायपर-व्हीमध्ये जो डिफॉल्ट स्विच आयता मिळतो, तो आतून याच सोयीवर चालतो. शेतावरची सामाईक विहीर ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही मांडणी निराळी समजावून सांगायला नको. विहीर सर्वांची असली तरी प्रत्येकाचा पाट वेगळा असतो, आणि वावरात पाणी येईनासे झाले म्हणजे शहाणा शेतकरी विहिरीत डोकावण्याआधी आपला पाट वावराकडून विहिरीकडे चालत जाऊन पाहतो, कारण पाट बहुधा आपल्याच बांधाशी फुटलेला असतो.

या सोयीची एक खोड सांगून ठेवतो. विंडोज ७ पासून पुढे, ज्या कार्डाला आपण जोडणी देऊ करतो त्या कार्डाचा पत्ता विंडोज स्वतःच्या अखत्यारीत बदलून १९२.१६८.१३७.१ करून टाकते. पाहुण्याला नेट मिळावे म्हणून एखाद्याने व्हर्च्युअलबॉक्सच्या १९२.१६८.५६.१ या कार्डाला जोडणी देऊ केली की त्याच क्षणी यजमान एका गावचा आणि पाहुणा दुसऱ्या गावचा होतो. जे दोघे कालपर्यंत एकमेकांशी बोलत होते त्यांचा अबोला सुरू होतो, आणि माणसाला वाटते की शेअरिंग चालत नाही. ते चालत असते. पाहुण्याने नव्या गावचा पत्ता घ्यायचा तेवढा राहिलेला असतो. डिफॉल्ट स्विचची तऱ्हा आणखी वेगळी: यजमान पुन्हा सुरू झाला की त्याचा पत्त्यांचा पट्टा बदलू शकतो, म्हणून तेथे पाहुण्याला हाताने पत्ता लिहून देणे म्हणजे दुसऱ्या सकाळी होणाऱ्या बिघाडाची बेगमी करणे होय. आणि व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर यांचे नॅट हाताशी असता त्यावर विंडोजचे शेअरिंग चढवण्याचे काही प्रयोजन मला दिसत नाही.

तपासाचा क्रम हा या पुस्तिकेचा सर्वांत मोठा भाग आहे, आणि तो पाटाच्या बाजूनेच, म्हणजे पाहुण्याच्या जबानीने सुरू होतो. पाहुण्याला पहिला प्रश्न: तुझा पत्ता कोणता? उत्तर १६९.२५४ने सुरू झाले तर त्याचा अर्थ फार स्पष्ट आहे. पाहुण्याने पत्ता मागितला, कोणी ओ दिली नाही, आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला. मग राउटर, नावांवरून पत्ते शोधून देणारा डीएनएस, ब्राउझर यांच्याकडे पाहण्याचे कारणच नाही. पत्ता वाटणारी व्यवस्था बंद आहे किंवा आतल्या कार्डाची तार काढलेली आहे. लिनक्सवर पाहुणे सांभाळण्यासाठी लिबव्हर्ट वापरणाऱ्यांच्या बाबतीत १९२.१६८.१२२.१ या पत्त्याचे डिफॉल्ट नावाचे नेटवर्क सुरू झालेलेच नसणे हे यातले नेहमीचे कारण. पत्ता १०.०.२.१५ असा आला तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटने आपले काम केले. दोन पाहुण्यांना हाच एक पत्ता मिळालेला पाहून गडबडून जाऊ नये. नॅटमध्ये प्रत्येक पाहुण्याचे गाव स्वतंत्र असते. ब्रिजमध्ये मात्र दोघांचा पत्ता एकच दिसला तर एक पाहुणा दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करून बनवलेला आहे आणि नक्कल करताना हार्डवेअर पत्ता बदलायचा राहून गेला, असे समजावे. त्या दोघांची जोडणी आळीपाळीने येते आणि जाते.

दुसरा प्रश्न वेशीचा, म्हणजे गेटवेचा, तिसरा वेशीबाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याचा, चौथा नावाचा. आकडी पत्ता सापडतो पण नाव सापडत नाही, अशी अवस्था वारंवार आढळते, आणि लॅपटॉप घेऊन घर ते कचेरी ये-जा करणाऱ्यांत तर विशेष. पाहुण्याला झोपवून माणूस घरून निघतो, कचेरीत पोहोचून त्याला उठवतो. यजमानाला नव्या जागेचा डीएनएस मिळालेला असतो, पण पाहुणा अजून घरच्याच डीएनएसला हाका मारीत असतो. पाहुण्याने पत्त्याचे नूतनीकरण केले की काम भागते, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये नावे शोधण्याचे काम यजमानावरच सोपवण्याचीही सोय आहे.

येथे पिंगविषयी इशारा देणे माझे कर्तव्य आहे. माइक मूस यांनी १९८३च्या डिसेंबरात लिहिलेला हा इवलासा प्रोग्राम, ज्याचे नाव पाणबुड्यांच्या शोधयंत्राच्या आवाजावरून ठेवले, हा जोडणीच्या तपासातला पहिला साक्षीदार मानला जातो, आणि खऱ्या तारांवर तो तसा आहेही. पण क्यूएमू या व्हर्च्युअलबॉक्सच्याच जातीच्या प्रोग्रामच्या साध्या, वापरकर्त्याच्या पातळीवरच्या नेटवर्कमध्ये बाहेरच्या पत्त्याला पाठवलेला पिंग सहसा परत येत नाही, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटलाही पिंगच्या बाबतीत मर्यादा आहेत. त्याच वेळी ब्राउझरमध्ये पान मात्र उघडत असते. पिंगचे उत्तर आले तर ती साक्ष ग्राह्य धरावी. उत्तर आले नाही तर त्या मौनाचा काहीच अर्थ काढू नये आणि पुढचा प्रश्न विचारावा. हा एक नियम पाळला असता तर किती संध्याकाळी वाचल्या असत्या, हे मी प्रयोगशाळेत अनेक वर्षे पाहिले आहे.

पत्ता ठीक, वेस ठीक, नाव ठीक, आणि तरीही पान उघडत नाही, अशा प्रसंगी तीन गोष्टींकडे मी वाचकाचे लक्ष वेधतो. पहिली घड्याळाची. सहा महिने झोपवून ठेवलेला पाहुणा उठतो तेव्हा त्याचे घड्याळ कधी कधी झोपेच्या क्षणावरच असते. सुरक्षित संकेतस्थळांचे दाखले ठरावीक मुदतीचे असल्यामुळे पाहुण्याच्या दृष्टीने आजचा दाखला अजून सुरूच झालेला नसतो, आणि तो प्रत्येक स्थळाला बनावट ठरवून परत फिरवतो. दुसरी व्हीपीएनची. कचेरीच्या कामासाठी यजमानाने व्हीपीएनचे भुयार जोडले असेल आणि पाहुणा ब्रिजवर असेल, तर पाहुणा त्या भुयारातून जातच नाही. कचेरीची अंतर्गत पाने यजमानाला दिसतील, पाहुण्याला दिसणार नाहीत, आणि यात बिघाड काही नाही. तिसरी लखोट्याच्या आकाराची. साध्या नेटवर्कवर एका पॅकेटाची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. व्हीपीएन प्रत्येक पॅकेट आपल्या दुसऱ्या लखोट्यात घालते, त्यामुळे आतल्या पॅकेटाला जागा कमी उरते. लिबव्हर्टसारख्या मांडणीत पाहुण्याला ही गोष्ट ठाऊक नसते, तो १५००चेच लखोटे तयार करीत राहतो. लहान पत्रे बिनबोभाट जातात, मोठी वाटेत अडतात. लक्षण मोठे चमत्कारिक दिसते: पिंग चालतो, नाव सापडते, पान उघडू लागते आणि अर्ध्यावर थबकते. पाहुण्याची मर्यादा १३०० वर आणून पाहावी. पान पुरे उघडले तर कारण सापडले.

कचेऱ्यांत आणखी एक अडथळा आढळतो, पत्त्यांच्या पट्ट्यांच्या टकरीचा. एखाद्या कचेरीचे अंतर्गत सर्व्हर योगायोगाने १०.०.२ याच पट्ट्यात असतील, तर नॅटमधल्या पाहुण्याला ते सर्व्हर आपल्या शेजारच्या घरातच आहेत असे वाटते. तो वेशीकडे जातच नाही, आपल्या रिकाम्या गल्लीत त्यांना शोधत फिरतो. सगळे जग त्याला सापडते आणि नेमकी कचेरी तेवढी सापडत नाही. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटचा पट्टा बदलून देणे हाच त्यावर उपाय आहे आणि तो एका ओळीच्या हुकुमाने होतो.

या सर्व तपासात एका वेळी एकच बदल करावा, आणि केलेला प्रत्येक बदल कागदावर उतरवून ठेवावा, असा आग्रह मी पानोपानी धरला आहे. छापखान्यातल्या त्या तरुणाचे परिश्रम कमी नव्हते. पण नॅट, ब्रिज, राउटर, फायरवॉल हे सर्व त्याने एकाच रात्री हलवले, आणि दुसऱ्या दिवशी मूळ दोषात स्वतःच्या हातचे दोन नवे दोष मिसळलेले होते, ते मला आधी निस्तरावे लागले. संगणकाच्या बाबतीत मिळालेले शिक्षण पुष्कळदा काढून पुन्हा बसवण्यापलीकडे जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते. मराठी माध्यमातून शिकलेली मुले यात कमी पडतात ती बुद्धीने नव्हे; दोषाला नाव काय आणि तो कोठे राहतो, हे त्यांच्या भाषेत कोणी सांगितलेले नसते. हे सगळे लेखन मी त्यांना नजरेसमोर ठेवून केले आहे.

एका प्रश्नावर मात्र पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचल्यावाचून पुढे जाऊ नये, अशी विनंती आहे: पाहुण्याला इंटरनेट द्यावे की नाही? विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी दुरुस्त्या देणे थांबवले. असा पाहुणा उघड्या जगाशी जोडणे म्हणजे दाराला कडी नसलेल्या घरात दप्तर ठेवण्यासारखे आहे. नॅटची बारनिशी अनाहूत टपाल थांबवते हे खरे, पण पाहुणा स्वतःच बाहेर जाऊन जे मागवून आणील ते ती थांबवू शकत नाही. त्या रात्री पाने पोहोचल्याचा फोन आल्यावर मी मालकांच्या संमतीने व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्या एक्सपीच्या कार्डापुढची तार जोडलेली असल्याची खूण काढून टाकली आणि यजमानाशी सामाईक असा एक फोल्डर करून दिला. आता पाने एक्सपीत तयार होतात, फोल्डरमध्ये येतात आणि यजमानाकडून बाहेर जातात. तेव्हापासून आत नेट नाही आणि ते कोणाला हवेही झालेले नाही.

पुस्तिकेतील प्रत्येक हुकूम विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही यजमानांवर स्वतः चालवून पाहून मगच लिहिला आहे. वाचकाने पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपला पाहुणा संगणक सुरू करावा, त्याचा पत्ता, त्याचा गेटवे आणि त्याचा डीएनएस हे तीन आकडे त्याच्याच पडद्यावरून एका कागदावर उतरवून घ्यावेत, त्याशेजारी यजमानाचे तेच तीन आकडे लिहावेत, आणि तो कागद समोर ठेवून बसावे. पहिल्या पानाचे काम त्या सहा आकड्यांपासूनच सुरू होते.